तोंडाला काय लावता?

अकोल्यातल्या एका घरात आधी चेहरे उजळले आणि मग किडन्या बिघडल्या. तिघींच्या. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची बहीण आणि दोघींची आई.

सुरुवात त्या मुलीपासून झाली. २०२२ च्या सुरुवातीला तिनं गावातल्याच एका ब्युटिशियनकडून क्रीम आणलं आणि ते लागू पडलं. रंग उजळला, चेहऱ्याला तकाकी आली, मैत्रिणी विचारायला लागल्या. घरच्यांच्याही ते डोळ्यांत भरलं, तेव्हा आईनं आणि बहिणीनंही तेच लावायला घेतलं. पुढच्या काही महिन्यांत तिघींनाही ग्लोमेरुलोनेफ्रायटिस निघाला. किडनीत रक्त गाळणारे केसाहून बारीक वाहिन्यांचे गुंते असतात, एकेका किडनीत सुमारे दहा लाख. त्यांना दाह होतो, तो हा आजार.

एकाच घरात किडनीचे तीन रुग्ण दिसले की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा येतं ते रक्ताचं नातं. पण आनुवंशिक आजार आईला आणि मुलींना असे एकाच हंगामात गाठत नाहीत. मग पाणी बघायचं, खाणं बघायचं, घशाचा किंवा कातडीचा जंतुसंसर्ग होऊन गेला का ते बघायचं, पाठदुखीसाठी कोणी रोज गोळ्या खातं का ते विचारायचं. अकोल्यात कारण हाती लागेना. प्रकरण मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयात पोचलं. तिथे नेफ्रॉलॉजी विभागाचे प्रमुख होते डॉ. तुकाराम जमाले.

किडनीच्या डॉक्टरचा ठरलेला प्रश्न असतो, ‘कुठली औषधं घेता?’ त्याला ‘काही नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे देता येतं, कारण तोंडाला लावायच्या क्रीमला कोणी औषध समजत नाही. ते आरशासमोरचं सामान, पावडर-टिकलीच्या रांगेतलं. प्रश्न बदलून ‘तोंडाला काय लावता?’ असा केला, तरच ती डबी समोर येते. या तिघींची डबी समोर आली आणि केईएमच्याच आयुर्वेद प्रयोगशाळेत तपासायला गेली.

त्या क्रीममध्ये पारा निघाला, आणि तोही परवानगीच्या मर्यादेपेक्षा हजारो पटींनी जास्त. मुलीच्या रक्तात पाऱ्याचं प्रमाण ४६ भरलं, जे ७ च्या आत असायला हवं होतं. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून ही हकिगत बाहेर आली.

तपासणी आयुर्वेदाच्या प्रयोगशाळेत व्हावी यात एक गंमत आहे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा मुख्य. त्याचं मारण, शोधन, गंधकाबरोबरची कज्जली यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्यांवर आयुर्वेद तपासायची केईएममधली परंपरा शरदिनी डहाणूकरांपासूनची. त्यांचं मराठी लेखन वाचणारी पिढी अजून आहे. पाऱ्याशी रोजची ओळख असलेल्या माणसांकडेच ही डबी गेली, हे बरं झालं.

*

अकोला आणि आमची भिलाई मुंबई-हावडा या एकाच लोहमार्गावर. नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, की भिलाई. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आलेल्या घरांच्या सुना अजूनही अकोला-अमरावतीहून येतात, आणि मुलीचा बायोडेटा करताना ‘गहूवर्णी’ लिहायचं की ‘गोरी’ यावर अजूनही घरात खल होतो. त्यामुळे अकोल्याची बातमी इथे कुणाला परक्या गावची वाटली नाही.

आमच्या छत्तीसगडात किडनी म्हटलं की लोकांना सुपेबेडा आठवतं. गरियाबंद जिल्ह्यातलं हे गाव. तिथे वर्षानुवर्षं माणसं किडनीच्या आजारानं जात आहेत. पथकं आली, पाणी तपासलं, माती तपासली, जड धातूंची चर्चा झाली, पण एका कारणावर बोट ठेवता आलेलं नाही. त्या मानानं अकोल्याचा गुन्हेगार लवकर पकडला गेला. तोंडाला क्रीम लावणारे कोण आणि न लावणारे कोण, हे सांगता येतं. विहिरीचं पाणी सगळं गाव पितं.

भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात अशा डब्या मिळतात. मी एक हातात घेऊन बघितली. पांढरी प्लॅस्टिकची, बोटभर उंचीची, झाकणावर गोऱ्या बाईचं चित्र. उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही. आत मोतिया रंगाचं घट्ट क्रीम, वर गुलाबाचा वास. विकणाऱ्यानं एवढंच सांगितलं, ‘सात दिन में फरक दिखेगा, दीदी.’ त्यात पारा होता की नाही हे मी सांगू शकत नाही, तोही सांगू शकणार नाही. पाऱ्याच्या क्षारांना वास नसतो. क्रीममध्ये घोटलेले ते नुसते पांढरे दिसतात. एक खूण मात्र जगभरच्या औषध-नियामकांनी लोकांना सांगून ठेवली आहे. काही डब्यांवर बारीक अक्षरांत सूचना असते, की क्रीम सोनं, चांदी, अॅल्युमिनियम आणि दागिन्यांना लागू देऊ नका. पारा या धातूंशी संयोग पावतो, म्हणून ही काळजी. कानातले डूल खराब होऊ नयेत म्हणून ते काढून ठेवायचे आणि तेच क्रीम गालाला चोळायचं!

*

हा शोध केईएममध्ये पहिल्यांदा लागला असं मात्र नाही. पन्नास वर्षांपूर्वी नैरोबीत तो एकदा लागून गेला होता.

तिथल्या डॉक्टरांकडे नेफ्रॉटिक सिंड्रोमचे प्रौढ रुग्ण येत होते. पाय सुजलेले, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवीला फेस, कारण रक्तातली प्रथिनं लघवीवाटे वाहून चाललेली. आफ्रिकेत अशा आजारामागे हिवताप असेल असं धरून चालायची पद्धत होती. आर. डी. बार, पी. एच. रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना त्यांच्या प्रसाधनांबद्दलही विचारलं. ६० रुग्णांपैकी ३२ जण रंग उजळणारी क्रीमं वापरत होते, आणि त्या क्रीमांमध्ये ५ ते १० टक्के अमोनिएटेड मर्क्युरी होता. १९७२ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी त्याच गटानं लघवीतल्या पाऱ्याचा आणि क्रीमच्या वापराचा मेळ घालून दाखवला.

काम सरळ होतं, निष्कर्ष स्पष्ट होता. तरीही हाँगकाँग, चीन, ब्रिटन, मेक्सिको अशा ठिकाणी डॉक्टरांना तो दर वेळी नव्यानं लावावा लागला. याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. नैरोबीचा निबंध किडनीवाल्यांनी वाचला असेल, पण क्रीम विकणारा, घेणारा आणि त्याला परवाना देणारा यांपैकी कोणीही ते जर्नल वाचत नाही. आणि हे विष फार धूर्त आहे. शिशानं पोट दुखतं, आर्सेनिकनं कातडीवर डाग पडतात, म्हणजे काहीतरी बिघडल्याची वर्दी मिळते. पाऱ्याच्या क्रीमनं चेहरा सुंदर होतो. माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणार कशाला? तो जाईल तो किडनीवाल्याकडे, सहा महिन्यांनी, पायातली चप्पल घट्ट व्हायला लागली म्हणून.

पारा रंग कसा काय उजळवतो? आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे. ते तयार करायचं काम टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम करतं, आणि त्या एन्झाइमच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. पारा तांब्याला हटवतो आणि एन्झाइम निकामी होतं. मेलॅनिनचं उत्पादन थंडावतं, वरची जुनी त्वचा झडत जाते आणि खालून फिकट त्वचा येते. म्हणजे जाहिरात खोटी नाही. सात दिवसांत फरक दिसेल म्हणणारा विक्रेता खरं बोलत असण्याची शक्यता आहे, आणि तीच या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट. क्रीम बंद केलं की मेलॅनिन पुन्हा बनू लागतं आणि रंग परत येतो. मग बाई दुसरी डबी आणते.

तोपर्यंत पारा केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून आत शिरलेला असतो. रक्तातून फिरून तो शेवटी किडनीत साठतो. तिथली गाळणी धड राहिली तर प्रथिनं रक्तात राहतात आणि पाणी-कचरा तेवढा बाहेर जातो. पाऱ्याच्या संगतीत शरीराचीच रोगप्रतिकार यंत्रणा बिथरते. तिच्या प्रतिपिंडांचे थर या गाळणीच्या पडद्यावर बाहेरच्या बाजूनं बसत जातात, पडदा जाड होतो आणि तरीही गळू लागतो. याला मेंब्रेनस नेफ्रोपथी म्हणतात. बायोप्सीत सूक्ष्मदर्शकाखाली तो जाड पडदा दिसतो. पण तो पाऱ्यानं जाड झाला, कॅन्सरनं झाला की उगाच झाला, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. नैरोबीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांची अडचण हीच होती. आजार दिसायचा. कारण मात्र रुग्णाच्या तोंडून काढून घ्यावं लागायचं.

*

ती अडचण सुटली तिघांच्या तीन वेगवेगळ्या कामांतून, आणि त्यांतल्या पहिल्याचा क्रीमशी काही संबंध नव्हता.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संजीव सेठी हे किडनीच्या बायोप्सी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट. मेंब्रेनस नेफ्रोपथीच्या बहुसंख्य रुग्णांत प्रतिपिंडं ज्याच्यावर चाल करून जातात ते प्रथिन, पीएलए२आर, २००९ पासून माहीत झालं होतं. उरलेल्यांत काय असतं हे सेठी शोधत होते. बायोप्सीच्या चकतीतून एकेक गुंता लेसरनं कापून काढायचा, त्यातली सगळी प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखायची आणि नको तिथे नको तितकं कुठलं प्रथिन साठलंय ते बघायचं. २०२० मध्ये त्यांच्या गटानं असं एक प्रथिन जाहीर केलं : नेल-१. लवकरच दिसून आलं की नेल-१ सापडलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना कुठेतरी कॅन्सर असतो. त्यामुळे रिपोर्टवर ‘नेल-१ पॉझिटिव्ह’ आलं की कॅन्सरचा शोध सुरू करायचा, असा रिवाज पडला.

भारतात हे गणित जमेना. चेन्नईच्या रेनोपॅथ या संस्थेत अनिला अब्राहम कुरियन देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या किडनी-बायोप्सी तपासतात. त्यांच्याकडे नेल-१ चे रुग्ण बरेच निघत होते, पण त्यांतल्या पुष्कळांना कॅन्सर नव्हता. मग रुग्णांच्या सवयींची चौकशी झाली. २०२२ मध्ये त्यांच्या गटानं लिहिलं की नेल-१ च्या ९१ रुग्णांपैकी २९ जण देशी पारंपरिक औषधं घेत होते, आणि त्यांतली जी औषधं तपासायला मिळाली त्यांत पारा होता. पोटात जाणारा पारा आणि नेल-१ यांची गाठ बांधली गेली. चेहऱ्यावरचा पारा अजून हिशेबात आला नव्हता.

तो आणला केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलनं. आयुर्वेदासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. तिथल्या अॅस्टर मिम्स रुग्णालयात डॉ. सजीश शिवदास आणि डॉ. रणजित नारायणन यांच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आली. निदान मेंब्रेनस नेफ्रोपथी, नेल-१ पॉझिटिव्ह. औषधांना दाद नाही. चौदाव्या वर्षी कॅन्सर गृहीत धरायचा तरी कसा? तिच्या रोजच्या सवयी खणून काढताना एक क्रीम निघालं. तेवढ्यात तिच्याच जवळच्या नात्यातली आणखी एक व्यक्ती तोच दुर्मीळ आजार घेऊन आली. तीही तेच क्रीम लावत होती. नातं होतंच, त्यामुळे आनुवंशिकतेची शंका अजून शिल्लक होती. मग आला एकोणतीस वर्षांचा तरुण, या दोघींशी काही संबंध नसलेला. तो दोन महिने क्रीम लावत होता.

आता डॉक्टरांनी जे केलं ते मला या सगळ्या हकिगतीतलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. त्यांनी जुन्या फायली काढल्या. आधी येऊन गेलेल्या, निदान झालेल्या, उपचार घेऊन घरी गेलेल्या रुग्णांना परत बोलावलं आणि पहिल्या वेळी विचारायचा राहून गेलेला प्रश्न विचारला. डॉक्टरला आपलीच जुनी नोंद अपुरी होती हे मान्य केल्याशिवाय असं करता येत नाही.

जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेंब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण होते. एरवी ज्याचं राज्य असतं तो पीएलए२आर इथे मागे पडला होता. २२ पैकी १५ जण, म्हणजे ६८ टक्के, नेल-१ चे निघाले. आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजाराआधी रंग उजळणारं क्रीम लावत होतो असं सांगितलं. कुरियन यांच्यासह लिहिलेला हा निबंध ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये प्रसिद्ध झाला. एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. प्रथिनं वाहून गेली की रक्त गोठायला उतावीळ होतं, हा त्यातला छुपा धोका. पण किडनीचं काम कुणाचंच कायमचं बंद पडलं नाही आणि क्रीम सोडल्यावर बहुतेक जण बरे होत गेले. कारण सापडलं की इलाज इतका स्वस्त. केरळच्या औषध नियंत्रण विभागानं २०२३ मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावानं दुकानांवर धाडी घातल्या.

*

कायद्यात खोट नाही. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा घालायला मनाई आहे. अनवधानानं आलाच तर दहा लाखांत एक भाग चालतो, फक्त डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत ७० भाग. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात तो एक भागसुद्धा काढून टाकायचं आणि २०२५ पर्यंत पाऱ्याची प्रसाधनं संपवायचं ठरवलं. भारत त्या करारात आहे.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०१४ मध्ये दुकानांतली ३२ फेअरनेस क्रीमं तपासली, तेव्हा १४ मध्ये पारा सापडला होता, पण जास्तीत जास्त दहा लाखांत दोन भागांच्या आत. मनाई असताना तेवढा असणंही वाईटच. तरी किडनीला लोळवणारा पारा त्या पातळीचा नसतो. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात २०१० मध्ये पकडलेल्या मेक्सिकन क्रीमांमध्ये तो २ ते ५.७ टक्के होता, म्हणजे दहा लाखांत वीस हजारांपासून सत्तावन्न हजार भाग. असा माल नियम पाळणाऱ्या कारखान्यातून येत नाही. पत्ताच नसलेल्या डबीवर नोटीस कुणाला बजावणार? अन्न व औषध निरीक्षकानं सुपेल्यातली एक गाडी उचलली तर पुढच्या रविवारी दुसरी लागेल. त्यापेक्षा भिलाईच्या सेक्टर नऊमधल्या मोठ्या रुग्णालयात आणि दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात, पाय सुजलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर ‘क्रीम?’ एवढा एक रकाना वाढवला तर जास्त हाती लागेल असं मला वाटतं. पुरुषांनाही विचारावं. कोट्टक्कलचा तो तिसरा रुग्ण पुरुषच होता.

कॅलिफोर्निया-व्हर्जिनियातल्या ज्या घरांत ती मेक्सिकन क्रीमं वापरली जात होती, त्यांच्या तपासात आणखी एक गोष्ट निघाली. क्रीमला कधी बोटही न लावलेल्या माणसांच्या, लहान मुलांच्यासुद्धा, लघवीत पारा जास्त होता. टॉवेल, उशीचा अभ्रा, आईचा हात, आणि क्रीममधून हळूहळू उडणारी वाफ, यांतून तो घरभर पोचतो. अमेरिकन आरोग्य खात्यानं २०१२ च्या जानेवारीत हे प्रसिद्ध केलं.

कोट्टक्कलच्या निबंधातले पंधरा मी पुन्हा मोजते. तेरा क्रीमवाले. चौदावा देशी औषध घेत होता. पंधराव्या रुग्णात कारण म्हणून काहीच सापडलं नाही, अशी नोंद आहे. त्याच्या घरात दुसरं कोणी तोंडाला काय लावत होतं, हे मला त्या डॉक्टरांना विचारायचं आहे.